इतकं चांगलं कसं चाललंय?

ऑफिसातल्या पहिल्या दिवशी सरांनी लॅपटॉप उघडला, खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्यातली एक मोठी मरून टिकली कॅमेऱ्यावर चिकटवली. समोर माटियास बसला होता, म्हणजे आमचा बॉस. तो बघतच राहिला. त्याला वाटलं हा काहीतरी धार्मिक प्रकार आहे. मला हळूच म्हणाला, "हे सगळ्या लॅपटॉपना लावावं लागतं का?" मी म्हटलं, नाही, त्यांना कॅमेऱ्याची खात्री वाटत नसेल. सरांनी मान वर न करता दुरुस्ती केली, "कॅमेऱ्याची खात्री आहे. कॅमेऱ्यामागे कोण बसलंय त्याची नाही." मग मला मराठीत म्हणाले, "टिकल्या बायकोच्या आहेत. भेटलीस तर बोलू नकोस."

त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. सुरुवात माझ्यापासून झाली. सोलापूरकडचा, साठीला टेकलेला, आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, त्याला मी दुसरं काय म्हणणार? पण ऑफिसातल्या जर्मन मंडळींना ते आडनाव वाटलं आणि आठवड्याभरात सरांचे 'हेर सर', म्हणजे 'श्रीयुत सर' झाले. त्यांना येणारे ईमेलसुद्धा 'सन्माननीय हेर सर' असे सुरू व्हायचे. सरांनी कधी कुणाला समजावलं नाही. "खरं नाव कशाला द्यायचं सगळ्यांना?" म्हणायचे.

आमची कंपनी छोटी, फ्रँकफर्टमधली, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आम्ही अमेरिकेतल्या शाळांसाठी गणिताचा ऑनलाइन वर्ग बनवायचो. तिकडे लहान गावांत गणिताचे शिक्षक मिळत नाहीत. मग मुलं एका खोलीत हेडफोन लावून बसतात आणि आमचा प्रोग्रॅम त्यांना शिकवतो. ज्याला जसं झेपेल तसं त्यानं पुढे जायचं, अशी मूळ कल्पना. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे प्रोग्रॅम कुठे चुकतो ते शोधायचं. सरांना सल्लागार म्हणून घेतलं होतं, कारण मुंबईत कॉलेजात शिकवून झाल्यावर ते अमेरिकेतल्या एका लहान गावच्या हायस्कूलवर गेले होते आणि बरीच वर्षं तिथेच राहिले होते. पुढे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ब्राउनश्वाइगच्या एका संस्थेत संशोधनाचं काम मिळालं आणि दोघं जर्मनीत आली. आठवडाभर सर फ्रँकफर्टला एका भाड्याच्या खोलीत राहायचे, शुक्रवारी गाडीनं ब्राउनश्वाइगला जायचे.

गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. फोनवर वेळ बघायची, मग प्लॅटफॉर्मवरचा छापील तक्ता बघायचा, मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं. तिन्हीकडून एकच उत्तर आलं की ते जास्तच अस्वस्थ व्हायचे. कॅन्टीनमधल्या सुपाचंही तसंच. "शाकाहारी आहे का?" वाढणारी बाई "या, या", म्हणजे हो, हो, म्हणाली की ते मागे जाऊन स्वयंपाक्याला विचारायचे. शेवटी सूप न घेता स्वतःचा डबा उघडायचे. आणि कुठलीही गोष्ट सुरळीत चालली, मग ती मीटिंग असो की लिफ्ट, की भुवया एकत्र आणून विचारायचे, "इतकं चांगलं कसं चाललंय?"

एकदा आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. सगळे पाहुणे तिला शाळेत काय शिकवलं ते विचारतात. सरांनी विचारलं, "आज शाळेत काय कळलं नाही?"

तिला प्रश्न मराठीत समजला, उत्तर नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये आलं, "आलेस फेरश्टांडेन." सगळं कळलं.

"सगळं? मग उद्या कशाला जातेस?"

ती चिडून खोलीत निघून गेली. मला वाईट वाटलं, नवऱ्यानं वरणाचं भांडं उगाच पुढे सरकवलं. सर मात्र शांतपणे जेवत होते. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की घड्याळाचा मोठा काटा पाचावर असला की पाच मिनिटं का म्हणत नाहीत ते तिला कळलेलं नाही, आणि वर्गात विचारायची लाज वाटते. सरांनी हात धुतले आणि तिच्या खोलीत गेले. आमचं श्रीखंड त्या दिवशी पातळ झालं.

अमेरिकेतल्या शाळेबद्दल ते कमी बोलायचे, पण बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "आमच्या शाळेचा फुटबॉलचा स्कोअरबोर्ड असा होता की हायवेवरून दिसायचा. वर्गात मात्र पुस्तक तेच, जे मुलांच्या आईबापांनी वापरलं होतं. पहिल्या पानावर बापाचं नाव, खाली पोराचं. घंटा झाली की मुलं उठून दुसऱ्या खोलीत. मधेच कुणाला काही सुचायला लागलं असेल, तरी उठायचं. ज्या पोराला पहिल्याच दिवशी कळलं ते महिनाभर बसून राहणार, आणि ज्याला महिन्याच्या शेवटीही कळलं नाही ते बाकीच्यांबरोबर पुढे ढकललं जाणार. मी स्वतः ढकललीत. शेकड्यानं ढकललीत."

"मग तुम्हाला आपला प्रोग्रॅम आवडायला हवा," मी म्हटलं.

"आवडतो ना. म्हणून तर त्याच्यावर नजर ठेवतो."

आणि खरोखर ठेवायचे. आम्ही टेस्टिंगवाले प्रोग्रॅमला ठरावीक पद्धतीनं वापरून बघतो. सर मुलं होऊन वापरायचे. एके दिवशी कंटाळलेलं पोरगं व्हायचे, हनुवटी टेबलावर टेकवून एका बोटानं कळा दाबायचे. दुसऱ्या दिवशी हुशार पण घाबरट मुलगी, जी येत असलेलं उत्तरही चार वेळा खोडते. एकदा उत्तराच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'आमचं कुत्रं आजारी आहे.' प्रोग्रॅममधली ती कायम हसरी बाई गोड आवाजात म्हणाली, "ग्रेट एफर्ट! पुन्हा प्रयत्न कर!"

सरांनी मला बोलावलं. "लिहून घे. बग आहे."

"काय लिहू?"

"कुत्रं आजारी असल्याची दखल घेतली गेली नाही."

मी चुकांच्या यादीत लिहिलं. माटियासनं तो बग बंद केला, सरांनी परत उघडला. असं बरेच दिवस चाललं. मला खरं सांगायचं तर तेव्हा शंका यायला लागली होती की या माणसाला कंपनी चालू नये असंच वाटतंय. दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे अमेरिकेत शाळा भरायच्या वेळेला, ते फोनवर बोलण्यासाठी केलेल्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचे, पाठ आमच्याकडे करून. काय करतात कुणाला माहीत नव्हतं. माटियासनं मला एकदा विचारलंसुद्धा, "हेर सर दुसऱ्या कंपनीशी तर बोलत नाहीत ना?" मी खांदे उडवले, पण त्यानंतर माझीही नजर त्या काचेकडे जायची.

हिवाळ्यात एका सोमवारी माटियासनं मीटिंगमध्ये एक आलेख दाखवला. अमेरिकेतल्या सपाट मैदानी भागातल्या एका लहान शाळेतला एक विद्यार्थी. आमच्याकडे विद्यार्थ्यांची नावं येत नाहीत, फक्त नंबर येतात. बाकी मुलांच्या रेषा चढ-उतार करत चालल्या होत्या आणि ही एक रेषा सरळ वर गेली होती. पूर्ण वर्षाचं बीजगणित नाताळच्या आधीच संपलेलं. शिक्षक नसलेल्या शाळेत. माटियासचा चेहरा उजळला होता. शैक्षणिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्याला ही रेषा तिथे भिंतभर लावायची होती.

"खोटं आहे," सर म्हणाले.

"काय खोटं आहे?"

"एकही चूक नाही. शेवटच्या कितीतरी धड्यांत एकसुद्धा नाही. न चुकता कुणी बीजगणित शिकत नाही. आणि वेळा बघा, पहाट व्हायच्या आधीच्या. या वयाचं पोर त्या वेळी उठतं? कुणीतरी दुसरं सोडवून देतंय. मोठा भाऊ असेल, नाहीतर दुसरं एखादं मशीन."

"हेर सर," माटियास म्हणाला, "तुम्हीच म्हणायचात ना, की हुशार मुलाला मोकळं सोडा, ते धावेल? ते धावलं. आता तुम्हाला ते पटत नाही?"

सरांनी समोरची वही मिटली. पण गोष्ट त्यांनी सोडली नाही. मुलाशी समोरासमोर बोलू द्या, असा त्यांनी हट्ट धरला. आपल्या लोकांनी विद्यार्थ्यांशी थेट बोलायचं नाही असा कडक नियम होता. जर्मनीत डाटेनशुत्स म्हणजे माहितीची गोपनीयता हा शब्द उच्चारला की मोठमोठे लोक आवाज खाली आणतात. शेवटी खोट्या आकड्यावर प्रदर्शन झालं तर काय, या भीतीनं माटियास तयार झाला. शाळेनं आणि पालकांनी परवानगी दिली. अटी दोन. तिकडे शाळेतला माणूस हजर पाहिजे, इकडे मी.

त्या दुपारी सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेच्या खोलीत माझ्या शेजारी बसले, कॅमेऱ्यावरची टिकली नखानं काढली आणि मनगटावर चिकटवली. अंगावरचं काहीतरी काढल्यासारखं त्यांना झालं असावं, कारण ते सारखे गळ्याशी हात नेत होते.

पडद्यावर आधी एक धिप्पाड माणूस आला. गळ्यात शिट्टी. तो शाळेचा फुटबॉल कोच. त्यानंच सांगितलं की गणिताच्या तासाला मुलांसोबत खोलीत बसायचं काम त्याच्याकडे आहे. "मला यातलं काही येत नाही हं," त्यानं आधीच सांगून टाकलं. "मी फक्त शांतता राखतो." मग त्यानं खुर्ची सरकवली आणि एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी समोर आली. डोक्यावर स्वेटरची टोपी ओढलेली. तिचं नाव मॅडी.

सरांनी नमस्कार वगैरे काही केलं नाही. "तू धडे कधी करतेस?"

तिनं त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "तुम्ही खरे आहात का?"

"म्हणजे?"

"तुम्ही माणूस आहात, की तीच बाई, फक्त दुसरा चेहरा लावलेली? ते आता असं करतात."

मला हसू आलं. सरांना नाही आलं. हा प्रश्न त्यांना एकदम रास्त वाटला. त्यांनी विचार केला, टेबलाखालून डबा काढला, उघडून कॅमेऱ्यासमोर धरला, मेथीच्या भाजीत पोळीचा तुकडा बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला. भाजीचा एक कण मिशीला लागला. मॅडी पुढे वाकून बघत होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ते हिरवं काय आहे?"

"पालेभाजी. कडू असते. आता माझी पाळी. तू खरी आहेस का?"

मग त्यांनी तिला जे घेरलं, ते मी विसरू शकत नाही. आवाज न चढवता, एकामागून एक. उत्तरं ती पटापट देत होती. पण सरांना उत्तरं नकोच होती. "उणे गुणिले उणे अधिक का येतं?" त्यांनी विचारलं.

"नियम आहे."

"नियम माझ्या मशीनलाही येतो. का?"

कोच अवघडून इकडेतिकडे बघायला लागला. मी सरांच्या कोपराला हात लावला, पुरे, अशा अर्थानं. त्यांनी हात बाजूला घेतला.

"माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे," मॅडी एकदम म्हणाली. "उशांचे अभ्रे उलटे होऊन येतात. उलटा अभ्रा उलटा केला की सुलटा होतो. उणेनं गुणणं म्हणजे उलटं करणं. दोनदा केलं की सुलट."

"आणि उणे दोननं गुणायचं असेल तर?"

"उलटा करायचा आणि दुप्पट मोठा करायचा." मग जरा थांबून, "दुप्पट मोठा अभ्रा शिवायला लागेल, पण तेवढं चालतंय."

सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अभ्र्यांनी."

बाकीचंही मग हळूहळू बाहेर आलं. आईची पाळी पहाटेची. घरी इंटरनेट नाही आणि एकटीला ठेवायचं नाही, म्हणून आई तिला शाळेच्या पार्किंगमध्ये आजीच्या गाडीत सोडून जायची. आजी पुढच्या सीटवर झोपायची, मॅडी मागे. शाळेचं वायफाय तिथपर्यंत पोचायचं. आणि एकही चूक का नाही? तर ती प्रत्येक गणित आधी कागदावर सोडवायची, दोन-दोन वेळा पडताळायची, आणि अगदी खात्री झाल्यावरच उत्तर भरायची.

"का बरं? चुकलं तर काय होतं?"

"ती बाई ग्रेट एफर्ट म्हणते," मॅडी म्हणाली. "मला ते सहन होत नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. तो बग तेव्हा परत बंद झालेला होता.

"बरं," सर तिला म्हणाले. "मग आता काय करते आहेस? पुढचं काय चाललंय?"

उत्तर कोचनं दिलं. पुढचं काही नाही. तिचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, पडद्यावर हिरवी खूण आली, रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि खातं बंद झालं. पुढच्या वर्षाचे धडे पुढच्या वर्षीच उघडणार. पण तास तर वेळापत्रकात आहे, तो भरायलाच हवा. म्हणून ती रोज येऊन हेडफोन लावून त्या हिरव्या खुणेसमोर बसते.

"काय करतेस बसून?" सरांनी विचारलं.

मॅडीनं टोपी अजून पुढे ओढली. "बसते."

फोन संपल्यावर सर उठलेच नाहीत. मला म्हणाले, "कुलूप कुणी घातलं?"

मला माहीत होतं. शाळांनी इयत्तेप्रमाणे धडे विकत घेतले होते आणि वर्ष संपेपर्यंत पुढचं उघडू नये, अशी त्यांचीच मागणी होती, म्हणजे वेळापत्रक बिघडत नाही. आम्ही ती पुरी केली होती. टेस्ट मीच केली होती आणि कुलूप व्यवस्थित लागत होतं.

"म्हणजे घंटा आपण मशीनच्या आत नेऊन बसवली," सर म्हणाले. मग मराठीत एक शिवी दिली. सरांच्या तोंडून ऐकलेली ती एकच.

त्यांनी रीतसर मार्गानं सुरुवात केली हे मला सांगायलाच हवं, कारण नंतर ऑफिसात वेगळंच बोललं गेलं. त्यांनी माटियासकडे परवानगी मागितली. माटियास म्हणाला, करार शाळेशी आहे, शाळा म्हणेल तर उघडू. कोचनं मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, एकीला उघडलं तर उद्या सगळे मागतील. कोच धीर करून शाळेच्या समितीसमोर उभा राहिला. एवढ्या लोकांसमोर खेळ सोडून दुसऱ्या विषयावर तो आयुष्यात बोललेला नव्हता. समितीनं ऐकून घेतलं आणि विषय उन्हाळ्यानंतर घेऊ म्हणून ठेवून दिला. त्याच बैठकीत नव्या स्कोअरबोर्डला मंजुरी मिळाली. कोच फोनवर सांगत होता आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत असावी, असा त्याचा आवाज येत होता.

मधल्या काळात मला काचेच्या खोलीचं कोडंही उलगडलं. प्रदर्शनाच्या तयारीसाठी माटियासला ती खोली हवी होती म्हणून मी सरांना बोलवायला आत गेले. ते अमेरिकेतल्या त्यांच्या जुन्या शाळेतल्या एका निवृत्त सहकारी बाईंशी बोलत होते. दोघं मिळून आठवत होते, की ढकललेल्या मुलांचं पुढे काय झालं. कोण कुठल्या दुकानात आहे, कोण सैन्यात गेलं, कुणाचा पत्ता नाही. रोज दोन-तीन नावं. सरांनी मला बघितलं आणि फोनवर हात ठेवला. मी दार ओढून बाहेर आले आणि माटियासला सांगितलं की खोली अजून अर्धा तास मोकळी होणार नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मीटिंगमध्ये सर उभे राहिले. त्यांनी आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. सल्लागार म्हणून त्यांना खाती तपासण्याचा अधिकार होता. मॅडीचा नंबर त्यांनी सगळ्यांसमोर उघडला.

"हेर सर, नको," माटियास म्हणाला.

"मी चोरून करत नाहीये. सगळे बघताहेत. तुम्ही मला कारण सांगा, मी थांबतो. करार सोडून दुसरं कुठलंही कारण."

माटियास वाईट माणूस नव्हता. त्यालाही दोन मुलं होती. त्यानं आमच्या सगळ्यांकडे बघितलं. कॉफीच्या मशीननं मधेच आपलं आपण पाणी सोडलं.

"करार म्हणजे करार," शेवटी तो म्हणाला.

"गेनाऊ," सर म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, आणि त्यांनी कुलूप उघडलं. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, जेवढं होतं तेवढं सगळं. मग लॅपटॉप मिटला, पडद्याची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि खाली बसले.

त्यांना आठवड्याच्या शेवटी निरोप देण्यात आला. सल्लागाराचा करार, तो वाढवला नाही, एवढंच. निघताना ते सगळ्यांशी हात मिळवत गेले आणि माटियासला म्हणाले, "इतके दिवस इतकं चांगलं चाललं होतं, तेव्हाच मला संशय आला होता." माटियास हसला, पण त्याचा चेहरा पडला होता.

दुपारी त्यानं मला बोलावून सांगितलं, त्या मुलीचं खातं परत बंद कर. मी म्हटलं, करते. टिकेट, म्हणजे कामाची लेखी नोंद, करून द्या, कारणासकट. आपल्याकडे तोंडी बदल चालत नाहीत, हा नियम त्याचाच होता. तो माझ्या शेजारी बसून टाइप करायला लागला. 'विद्यार्थिनीला पुढील धडे शिकण्यापासून' इथपर्यंत आला आणि थांबला. वाक्य खोडलं. दुसऱ्या शब्दांत सुरू केलं, तेही तिथेच येऊन पोचलं. "उद्या लिहितो," म्हणाला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी मी आठवण केली नाही. त्यानंही काढली नाही. मॅडीची रेषा परत वर जायला लागली.

वसंतात शाळेकडूनच पत्रव्यवहार सुरू झाला. मॅडीचं बघून आणखी काही मुलांनी पुढचं मागितलं होतं, त्यांचे पालक समितीत जाऊन बसले होते आणि समितीला आता सगळ्यांसाठीच कुलूप काढून हवं होतं. माटियासनं ते काढलं. पुढच्या माहितीपत्रकात ते आमचं खास वैशिष्ट्य म्हणून छापूनही आलं, 'ओपन पेस' असं नाव देऊन. मी ताबडतोब ब्राउनश्वाइगला फोन लावला.

काकूंनी उचलला. "अहो, तुमच्या ऑफिसातली," असं म्हणून त्यांनी फोन दिला. मी एका दमात सगळं सांगितलं. "सर, तुम्ही जिंकलात."

सर म्हणाले, "विकायला काढलं म्हण की."

"सर! मुलं पुढे जाताहेत. बास ना आता."

"जाताहेत ना? आपापली जाताहेत, कुणाची गरज लागत नाही, असंच ना?" त्यांचा आवाज बदलला. "मग त्या खोलीत कोच कशाला हवा, असं कुणीतरी म्हणणार. म्हटलं असेलही. मुलं हेडफोन लावून बसणार आणि खोलीत माणूस नसणार. अभ्र्याची गोष्ट सांगायची झाली तर कुणाला सांगणार? विचार त्याला. आत्ता विचार, तिकडे शाळा सुरू आहे."

मी वैतागले होते. या माणसाला एक दिवसही आनंदात काढता येत नाही, असं वाटलं. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. आता मुलांचा विषय असला की मीही सरांसारखीच संशयी होते. मी शाळेत फोन लावला आणि कोचला मागितलं.

सरांचा अंदाज बरोबर होता. मुख्याध्यापकांनी कोचला विचारलं होतं की ही मुलं तर आपली आपण शिकताहेत, तर तो तास तुला मैदानावर देऊ का?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. फोनवर मागून मुलांचा आवाज येत होता.

"मी म्हटलं मला नाही सोडता येणार," कोच म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "मी पण सुरू केलंय. पहिल्यापासून. मागच्या बाकावर बसतो. मॅडी कधी कधी येऊन बघते. मी फार चुकतो हो. ती तुमची बाई दिवसभर मला ग्रेट एफर्ट म्हणत असते."

हे मी सरांना कळवलं. मला वाटलं, आता तरी हसतील. ते म्हणाले, "खरंच शिकतोय की नोकरी टिकवायला सांगतोय?"

"सर, आता हद्द झाली."

"तपासायला नको?" त्यांनी माझ्याकडून कोचचा नंबर घेतला. दोघंही मोठी माणसं, त्यामुळे कुणाच्या नियमाचा प्रश्न नव्हता.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी, ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरात बसून, फोनवरून कोचची तोंडी परीक्षा घेतली. काकू भाजी चिरता चिरता ऐकत होत्या. त्यांनीच मला सांगितलं. सुमारे तासभर चालली. सरांनी त्याला साफ नापास केलं आणि पुढच्या बुधवारी परत फोनवर यायला सांगितलं.